माझ्या म्होरं खा

आयुष्यातली माझी पहिली चोरी डिंकाच्या लाडवाची. साल १९७३, गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं, वय वर्षं आठ. आई बाळंतीण होती. बाजेखाली शेगडी, बाजेवर आई, तिच्या कुशीत दहा दिवसांची माझी बहीण आणि वर कोनाड्यात घट्ट झाकणाचा पितळी डबा. ते झाकण आवाज न करता उघडायला शिकण्यात माझ्या दोन दुपारी गेल्या.

दुष्काळ ऐन भरात होता. लोक त्याला बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण आमच्याकडं त्र्याहत्तरचा उन्हाळा जास्त वाईट गेला. विहिरीच्या तळाला घागर बुडत नव्हती. वडील खडी फोडायला जात. आठवा महिना लागेपर्यंत आईही जात होती. रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना आजी त्या ज्वारीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे गोडसर कोरडं पौष्टिक पीठ, वाटत. आपल्या वाटची सुकडी आई पदराला बांधून घरी आणायची आणि आम्हां दोघा भावांत निम्मी निम्मी करायची. तिच्या वाट्याला काय उरलं, हा प्रश्न त्या वयात पडत नाही. खरं सांगायचं तर पुढं कितीतरी वर्षं मला तो पडला नाही.

अशा वर्षात डिंकाचे लाडू आले कुठून? तर आत्याकडून. तिला कराडजवळ दिलेली, कृष्णाकाठी. भावजय बाळंत झाल्याचा निरोप पोचला तशी ती एसटीनं आली. एका हातात गुळाची ढेप बांधलेलं फडकं, दुसऱ्या हातात तुपाची बरणी, आणि पिशवीत खारीक, खोबऱ्याच्या वाट्या, पुडीतला डिंक, अळीव, मूठभर खसखस. शिवाय जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं आणि एक कुंची. बरणीतलं तूप एसटीत सांडू नये म्हणून तिनं ती चार तास मांडीवर धरली होती.

याला बाळंतविडा म्हणतात. आता बाळंतविडा म्हटलं की बाळाचे झबले, खुळखुळा आणि पाकिटात घातलेली नोट डोळ्यांसमोर येते. पण तो मुळात बाईसाठी असायचा. बाळ काय, त्याला सहा महिने दुधाखेरीज काही लागत नाही. लागतं ते दूध करणारीला. चुलती, मावशी, शेजारीण, जिला जे परवडेल ते घेऊन यायची. कुणी शेरभर बाजरी, कुणी चार अंडी, कुणी नुसतं खोबरं. दहा घरांतून असं थोडं थोडं आलं की सव्वा महिना निघून जायचा. या व्यवस्थेचं फार कौतुक करायला नको. तिच्यात जातीची कुंपणं होतीच, आणि गावकुसाबाहेरच्या बाळंतिणीला कुणी तुपाची बरणी मांडीवर धरून नेत नव्हतं. ‘वातूळ’ म्हणून डाळ बंद, ‘थंड’ म्हणून केळं बंद, ‘पोट सुटेल’ म्हणून पाणीसुद्धा मोजून. तहानलेल्या बाईला पाणी तोडायचं आणि वर दूध का येत नाही म्हणून तिलाच विचारायचं, हे आमच्याही घरी झालं.

तर लाडू एकवीस झाले. डिंक तुपात टाकला की लाहीसारखा फुलतो, तो आवाज मला अजून ऐकू येतो, कारण त्या वर्षी आमच्या घरात तळणाचा आवाज तेवढाच झाला. रोज दोन, सकाळी एक आणि दिवेलागणीला एक, असा हिशोब. आजीला अक्षरओळख नव्हती, पण मोजदाद पक्की. सहाव्या दिवशी संध्याकाळचा लाडू देऊन झाल्यावर डब्यात नऊ उरायला हवे होते. निघाले पाच.

आजीनं आधी माझ्याकडं बघितलं. मी दोन कबूल केले. दोनच, कारण मी खरोखरच दोन चोरले होते. मग तिनं धाकट्याकडं बघितलं, तो रडायला लागला. त्यानं चोरले नव्हते. त्याला आईनं दिले होते. तिच्या हातातल्या लाडवाकडं तो बघत उभा राहिला, तिनं दिला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येऊन उभा राहिला. त्याचं तोंड बंद राहावं म्हणून तिनं डब्यातले आणखी दोन त्याच्या हातावर ठेवले होते.

मला मार बसला नाही. आजी ओरडली ती आईवर. “त्यो चोरतोय ते कळतं मला. तू देतीस ते कसं कळावं?”

त्या दिवसापासून डबा कोनाड्यातून आजीच्या मांडीवर आला. लाडू आईच्या हातावर ठेवून ती बाजेशेजारी जमिनीवर बसायची आणि म्हणायची, “माझ्या म्होरं खा.” आम्हाला दाराबाहेर काढलेलं असायचं. आई काहीतरी पुटपुटायची, पोरं बघत्यात वगैरे. आजी म्हणायची, “बघू देत.” शेवटचा घास गिळेपर्यंत ती हलायची नाही. लाडू संपल्यावर तिनं उरलेल्या गुळात मेथीचे केले. लाडवात मेथी घालतात त्यामागं कंबरदुखी आणि दूध अशी कारणं सांगतात, ती असतीलही. पण आमच्या घरापुरतं मी खात्रीनं सांगतो की मेथीचा कडवटपणा पोरांसाठी होता. त्या डब्याला पुढं कुलूप लागलं नाही.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. आठवलं ते चाळीसेक वर्षांनी, तीनशे किलोमीटरवर, मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. साताऱ्याकडचे आम्ही बरेचजण ठाणे जिल्ह्यात लागलो आणि बदलीची वाट बघत तिथंच केस पांढरे केले. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हा तर एका रात्रीत आमचा जिल्हाच बदलला, बदली काही झाली नाही. आमच्या दोन खोल्यांच्या शाळेला लागून अंगणवाडी, मध्ये एक आंब्याचं झाड. त्या भागाचं नाव महाराष्ट्राला कशासाठी ठाऊक आहे ते सांगायला नको. शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला १९९२ साली कुपोषणानं मुलं गेली, मग मंत्री आले, रस्ते आले, योजना आल्या. मी तिथं होतो तोवर रस्त्याला पुन्हा खड्डे पडले होते, योजनांची मात्र भर पडत होती.

२०१३ चा अन्नसुरक्षा कायदा सांगतो की गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने आईला अंगणवाडीतून मोफत आहार मिळाला पाहिजे. त्यात सहाशे उष्मांक आणि अठरा ते वीस ग्रॅम प्रथिनं असावीत. हा आकडा कुठून आला, असं मी एकदा आमच्या अंगणवाडीच्या ताईंना विचारलं. त्यांनी प्रशिक्षणात ऐकलेलं सांगितलं: अंगावर पाजणारी आई दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध करते, आणि ते करायला तिला नेहमीच्या खाण्यावर साधारण सहाशे उष्मांक जास्त लागतात. म्हणजे पावणेदोन भाकऱ्या. मी मनातल्या मनात हिशोब केला, कारण माझ्या डोळ्यांसमोर पदराला सुकडी बांधून येणारी बाई होती आणि तिच्या ताटात नेहमीच्याही भाकऱ्या पुऱ्या नव्हत्या. आईचं शरीर बाळाचं दूध सहजी कमी पडू देत नाही. कमी पडलं तर स्वतःच्या हाडांतून, रक्तातून काढून देतं. बाळाला महिनोन्महिने काही कळत नाही. कळतं ते बाईच्या गुडघ्यांना, पुढच्या खेपेला.

योजनेतली पाकिटं घरी न्यायची होती. शिरा, उपमा आणि चक्क सुकडी. ते नाव पाकिटावर छापलेलं बघून मी हरखलोच. ताई हसल्या. म्हणाल्या, “गुरुजी, पाकीट घरी पोचतं. तिच्या तोंडात पोचत नाही.” पाड्यावर फिरताना मी पुढं बघितलं. घरात सात माणसं असतील तर पाकीट सात माणसांचं. चव नाही आवडली तर कोंबड्यांचं. यात चुकीचं वागलं असं कुणीच नसतं. एकटीनं गपचूप खाणारी सून कुणाला आवडते?

२०१५ च्या अखेरीस राज्याच्या आदिवासी भागात अमृत आहार सुरू झाला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं नाव दिलेली योजना. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने, एक वेळचं गरम जेवण, अंगणवाडीतच शिजवलेलं. कागदावर त्याला ‘चौरस आहार’ म्हणत. भात, भाकरी किंवा चपाती, डाळ, हिरवी पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, आणि अंडं, केळं किंवा नाचणीचा हलवा. मला त्यातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘चौरस’ वाटला नाही, ‘अंगणवाडीतच’ हा वाटला. कुठल्या तरी अधिकाऱ्याची आजी माझ्या आजीसारखी असणार.

दुपारी बारा-साडेबाराला बायका यायच्या. ओढणीच्या झोळीत लेकरं, एखादीच्या कडेवर दुसरं. मी आमच्या ओसरीत मुलांना पाढे म्हणायला लावून बसलेला, मधलं झाड सोडलं तर समोरच. पुरुषमाणसानं तिकडं टक लावून बघू नये म्हणून बघायचो नाही, पण बसलेली बाई जेवत नाही हे न बघताही कळतं. पहिल्या आठवड्यातच ताईंच्या लक्षात आलं की ताटं लख्ख, अंडी मात्र पदरात. घरी मोठं पोर असतं ना. शेंगदाण्याचा लाडू तर हाताला लागता लागताच नाहीसा व्हायचा.

ताई रागावल्या, नियम सांगितला, काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी एक युक्ती केली. अंडं सोलून, दोन फाकी करून भातावर ठेवायच्या आणि वरून पळीभर डाळ. डाळीनं माखलेलं अंडं पदराला कसं बांधणार? मी ओसरीतून हे बघितलं आणि मला इतकं हसू आलं की चौथीची पोरं सतरा नव्वे थांबवून माझ्याकडं बघायला लागली. मेथीचा लाडू! तीच अक्कल, फक्त कडू न करता.

पण आई ती आई. पदर बंद झाला तशा बायका मोठ्या पोरालाच बरोबर घेऊन यायला लागल्या. ते मांडीला टेकून बसायचं आणि डाळीतलं अंडं आईच्या बोटांनी त्याच्या तोंडात जायचं. ताईंनी माझ्याकडं बघून हात हवेत उडवले. ‘माझ्या म्होरं खा’ इथं चालेना, कारण त्या ताईंच्या म्होरंच भरवत होत्या. घरातल्या भुकेल्या पोराला दाराबाहेर काढायचा अधिकार आजीला होता, सरकारी सेविकेला कसा असेल? आणि आजीनं तरी बरोबर केलं का? धाकटा तेव्हा पाच वर्षांचा होता. दुष्काळात तोही वाढतच होता की.

गाठ सुटली ती ताईंच्या किंवा माझ्या हुशारीनं नव्हे. पुढच्या वर्षी त्याच योजनेत सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी द्यायला सुरुवात झाली, अंडं न खाणाऱ्यांना केळी. मांडीला टेकणाऱ्या पोराच्या हातात त्याचं स्वतःचं अंडं आलं. त्या दुपारी मी मुद्दाम बघितलं, लाज वाटली तरी बघितलं. एक बाई, जिचं तिसरं होतं, ती पोराकडं बघत होती. पोरगं दोन्ही हातांनी अंडं धरून कुरतडत होतं, त्याला आईची गरज नव्हती. मग तिनं आपली फाक उचलली. किती सावकाश खाल्ली तिनं! बहिणीच्या वेळची माझी आई तशीच खायची, आम्ही दाराबाहेर आहोत हे माहीत असताना.

असं लिहिलं की वाटतं सगळं सुरळीत झालं. नव्हतं. निधी महिनोन्महिने यायचा नाही. किराण्याची उधारी दुकानदार ताईंच्या नावावर मांडायचा, योजनेच्या नावावर नव्हे, आणि बाजारात भेटल्यावर त्यांनाच हटकायचा. त्या स्वतःच्या मानधनातून तेल आणायच्या. मी एकदा तीस अंड्यांच्या ट्रेचे पैसे दिले, ते त्यांनी वहीत ‘गुरुजी – उसने’ असं लिहून ठेवले आणि पाच महिन्यांनी परत केले. नको म्हटलं तर म्हणाल्या, “हिशोबात देणगीचा रकाना नाही.” पावसाळ्यात पालेभाजीची अडचण नसायची, टाकळा, कुर्डू, कोळू, रानात काय वाट्टेल ते. उलट बायकाच मूठ मूठ भाजी घेऊन यायच्या आणि ताईंच्या पातेल्यात टाकायच्या. मला तो बाळंतविडाच वाटायचा, कुणी तसं म्हणत नसलं तरी.

आणि दिवाळीनंतर पाडाच रिकामा व्हायचा. भात कापून झालं की माणसं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी, वसईकडं. एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी, आमच्याच शाळेतून चौथी झालेली, चाळीस दिवसांचं लेकरू घेऊन गेली. ताईंनी तिला थांबवायचा प्रयत्न केला. पण नवऱ्यानं गणपतीत भट्टीवाल्याकडून उचल घेतली होती, आणि उचल जोडप्याच्या हातांवर मिळते, एकट्याच्या नाही. तिचं नाव आमच्या यादीत, तिचं पोट भट्टीवर. मेअखेरीस ती परत आली तेव्हा बाळ सात महिन्यांचं झालं होतं. ताईंनी त्याच्या दंडाला पट्टी गुंडाळली. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरलं, म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. भट्टीवर काय खायचीस म्हणून विचारलं तर म्हणाली, भात. आणि? मीठ-मिरची. कधी सुका बोंबील. आणि बाळाला वरचं काय देतेस? डाळीचं पाणी, वरवरचं.

हे वरवरचं पाणी म्हणजे ताईंचा हाडवैरी. शहरातल्या शिकलेल्या घरांतही उष्टावण झाल्यावर वरणाचं पाणी आणि भाताची पेज वाटीवाटीनं पाजतात आणि पचायला हलकं म्हणून समाधान मानतात. पोट भरतं पाण्यानं, डाळ राहते तळाशी. ताई चमचा तिरका करून दाखवायच्या. ओघळलं तर ते पाणी, चमच्याला धरून राहिलं तर ते जेवण. त्यात तेल घालायचं, अंडं कुस्करायचं, नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ शिजवायचं. नागली तर त्यांच्या शेतातलीच. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, इतकं गव्हा-तांदळात कुठलं? ते लेकरू सावरलं. ताई दिवसातून अनेकदा भरवायच्या, आईला समोर बसवून, आईलाही वाढून. तिचे सहा महिने सरले होते, म्हणजे कागदावर ती आता त्या ताटाची मालकीण नव्हती. तिच्या ताटाची नोंद वहीत कुठल्या रकान्यात झाली हे मी विचारलं नाही. ऑगस्टमध्ये पट्टी पिवळ्यावर आली. दिवाळीनंतर ती पुन्हा गेली.

मी निवृत्त होऊन पुण्यात आलो आणि गेल्या वर्षी आजोबा झालो. माझ्या मुलीला सव्वीस आठवडे भरपगारी रजा आहे, २०१७ च्या दुरुस्तीनं मिळालेली. भट्टीवरच्या मुलीसाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार होते, तेही हप्त्यांनी. असो. मुलीच्या घरी बाळंतविडा आला तो बहुतेक कागदी पिशव्यांतून, त्यात बाळाचे एकसारखे अकरा झबले. डिंकाचे लाडू बायकोनं केले. शिवाय पुण्यात आता बाळंतिणीचा डबा घरपोच देणाऱ्या बायका आहेत. अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, सगळं वेळेवर दारात. बाराच्या ठोक्याला बेल वाजते. पोचायचा प्रश्न मिटला म्हणायचा.

चार दिवस बायको गावी गेली होती, म्हणून मी तिथं. दुपारी तीनला बघतो तर डबा तसाच टेबलावर, खिरीवर साय धरलेली. मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतेय, ते झोपलं की जेवेन म्हणते, आणि झोपलं की हातात फोन, कुठल्याशा गटात कुणाचं वजन किती उतरलं ते वाचत. लाडवाबद्दल विचारलं तर म्हणाली, बाबा, एकेका लाडवात किती कॅलरी असतात माहितीये? मी म्हटलं, माहितीये. पावणेदोन भाकऱ्यांचा हिशोब सांगितला. तिनं ऐकल्यासारखं केलं.

मग मी बाळ घेतलं. ते मांडीवर आडवं टाकलं, डबा जवळ ओढला, लाडू तिच्या हातावर ठेवला आणि समोर बसलो. ती हसली. “असे काय बघताय?” मी म्हटलं, खा. आजीची भाषा माझ्या तोंडून निघायला थोडा वेळ लागला, पुण्यात राहून जीभ बोथट झालीय. “माझ्या म्होरं खा.”

तिनं लाडू फोडला. एक घास खाल्ला, मान डोलावली. आईनं यंदा जायफळ जास्त घातलंय, म्हणाली. आणि बोलता बोलता, माझ्याकडं न बघता, उरलेल्यातला अर्धा माझ्या हातावर ठेवला.

तो तोंडात विरघळल्यावर मला कळलं. बाळाला तसंच धरून मी डबा उघडला आणि उरलेले लाडू मोजायला लागलो.